फेऱ्या

दोराचं आयुष्य आम्ही वर्षांत मोजत नाही,
फेऱ्यांत मोजतो.
वर गेला, खाली आला, लिही एक.
जुफेरच्या या सव्वीस मजल्यांच्या इमारतीत
पोलादी दोर कधी सात वर्षं पुरतो, कधी बारा.
कोण किती वेळा कुठे जातं, त्यावर.

माझी जन्मतारीख एक जानेवारी.
गुदैबियातल्या आमच्या खोलीत आठांपैकी पाचांची तीच.
एजंटाच्या टेबलावर आम्ही एकाच दिवशी जन्मलो;
म्हणून दरसाल केक एक, फुंकरा पाच.
अम्मा सांगायची, खाडीत मचवा उलटला
त्या साली तू झालास, शिमग्याच्या आगेमागे.
मचवा कुठल्या साली उलटला,
ते बुडालेल्यांना ठाऊक.
कागदावर मी अठ्ठावन्न.
गुडघे म्हणतात, चौसष्ट.

सव्विसाव्यावर अबू तलाल राहतात.
त्यांच्या मनगटावरचं घड्याळ
वेळेपेक्षा काळीज जास्त मोजतं.
पहाटे पट्ट्यावर चालतात,
चार मैल, कुठेही न जाता.
व्यायामशाळा पंचविसाव्यावर.
तो एक मजला उतरायला लिफ्ट बोलावतात.
साखर नाही, मीठ नाही, रात्री आठनंतर फोन नाही.
डॉक्टरनं शंभरी लिहून दिलीय म्हणे.
चेष्टा नाही करत मी. माणूस भला आहे,
ईदला पाकीट देतो, तेही नाव घेऊन.

जुलैत एकदा वीज गेली.
चौदा-पंधराच्या मध्ये लिफ्ट अडकली,
आत ते एकटे.
मी वरून झडप उघडून बॅटरी मारली.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना वरून पाहिलं:
मधोमध टक्कल, तळहाताएवढं, घामानं चकाकणारं.
घड्याळ किंचाळत होतं.
"बुरोंडकर, बोलत राहा," म्हणाले.

मला दुसरं काय येतं? दोराबद्दल बोललो.
की साहेब, तुम्ही वर जाता ना,
तेव्हा मागच्या अंधारात
लोखंडाचा एक गठ्ठा खाली येतो.
रिकाम्या लिफ्टहून जड. त्याला आरसा नाही,
बटण नाही, मजला नाही.
म्हणाले, "मला माहीतच नव्हतं."
मग, बराच वेळानं, "वय काय रे तुझं?"

"चौदा," म्हणून गेलो.

एकतीस वर्षांत घरी चौदा फेऱ्या.
एक निकाहाची. एक कौलं बदलली तेव्हाची.
दोन पोरींच्या दोन.
एकदा नुसताच गेलो, कारण तिकीट स्वस्त होतं;
ती सगळ्यात चांगली.
अम्मा गेली ती धरत नाही.
पोचलो तेव्हा माती सुकली होती.

ते हसले नाहीत.
घड्याळ हळूहळू गप्प झालं.
बाविसाव्या मिनिटाला दिवे आले.
तेव्हापासून लिफ्टमध्ये पाऊल टाकलं की
ते एकदा छताकडे बघतात.

आमच्या खोलीतला मोतालिब, सिल्हटचा,
खरा सत्तरीचा, तळघरात गाड्या पुसतो.
तपासणीत त्याचा रक्तदाब पोरासारखा,
माझ्या आकड्यावर मात्र लाल शाईचा गोल.
नर्सनं विचारलं, खाता काय तुम्ही?
मोतालिब म्हणाला, भात.
मी रात्री विचारलं, खरं सांग.
पाय चोळत म्हणाला,
मला कधी कुणी वर बोलावलंच नाही रे.
मग कूस बदलून झोपला, एका मिनिटात.
मी पंख्याच्या फेऱ्या मोजत पडलो.

गेल्या आठवड्यात दोर बदलला.
तुटलेल्या तारा मोजून, नियमानं बाद.
मोतालिबनं त्यातला पंधरा हात मागून घेतला,
पीळ उलगडून एक पदर सोडवला
आणि गच्चीवर बांधला,
कठड्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत.
आठ जणांचे शर्ट वाळतात त्यावर.

सवयच ती, मी बोटानं टिचकी मारून ताण पाहिला.
अजून पुष्कळ चालेल.
शर्टांचं वजन ते केवढं.
आणि वाळले की तेवढंही नाही.