हरळीची रोजंदारी

तीस वर्षं उपटली मी हरळी.
कापसातून, तुरीतून, लोकांच्या हळदीतून.
खुरप्याचं टोक खुपसून मुळी ओढायची,
ती मधेच तुटायची,
आणि आठव्या दिवशी पुन्हा वर,
जशी काही रागवलीच नव्हती.
संध्याकाळी भाकरी थापताना
नखांतून तिचाच वास यायचा.

आता शाळेनं मला कामाला ठेवलंय
तीच लावायला.

गंगाखेडात, गंगेच्या कडेला, पोरींची शाळा.
मैदान कसलं, मळईचं वावर.
वर वाळू, खाली वाळू,
मूठ आवळली की बोटांतून निसटणारी.
खेळाच्या शिरीन मॅडमनी पुण्याहून मागवला
गुंडाळी केलेला हिरवा गालिचा.
टेम्पोतून उतरला तेव्हा
पोरींनी चपला भिरकावून दिल्या.
चैत्र सरला, आणि गालिचा
तव्यावर विसरलेल्या पोळीसारखा
कडेकडेनं करपत आत आला.
"दिवसातून तीनदा पाणी देतो की आपण,
मग कामून?"

मॅडम, ही वाळू हाय.
हिला दिलेलं पाणी
ही गंगेलाच परत करती.
आधी हिला धरून ठेवायला शिकवा.

मग तळ्यातला काळा गाळ आला, चार ट्रॉल्या.
वीतभर खोल कालवला.
शेणखत दोन वर्षं मुरलेलं, उकिरड्याच्या तळचं,
हातात घेतलं तर वास नाही, ऊब नाही.
कच्चं टाकलं तर मुळी भाजती.
आणि पोतं घेऊन मी गेले
व्यंकटी पौळाच्या बांधावर.

"काय पायजे, गयाबाई?"
"हरळी."
तो हातातलं टिकाव टाकून खालीच बसला, हसत.
"ने माय. सगळी ने. मुळीसकट ने.
वरून चहा पाजतो."

पहिली कांडी वाळूत दाबताना
हात अडला.
हाताला सवय ओढायची.
लग्नात आत्यानं ओटी भरताना म्हणलं होतं,
हरळीवानी पसर गं.
मी काही पसरले नाही.
एक लेक, ती हैदराबादला,
फोनवर विचारती, आई, उन्हात कशाला?
मी अंगठ्यानं वाळू दाबली.
वीतभर सोडून दुसरी.

रोजचा शिंतोडा बंद केला.
शिंतोड्यानं मुळी वरच लोळत राहती,
खाली कशाला जाईल?
तीन दिवसाआड, पहाटे, पोटभर.
मग मोडक्या छत्रीची तार खुपसायची,
बाहेर काढून बघायची
ओली वाळू कुठवर चिकटली.
चार बोटं. पाच बोटं.
एकदा पाच बोटं भरली तेव्हा
मी ती तार शिपायाला दाखवली, स्वयंपाक्याला दाखवली,
कुणाला काहीच कळलं नाही.

कापायचं यंत्र आलं तर मीच आडवी झाले.
वैशाखात हजामत नको.
अंगठ्याएवढी उंच राहू द्या,
तिची सावली तिच्याच पायावर पडू द्या.
कापलेलं गवत तिथंच टाका,
तिचं तिला खाऊ द्या.

मॅडमच्या मोबाईलात तिचं नाव बर्म्युडा.
पाहुण्यांना तसंच सांगतात.
मी पाण्याचा पाईप गुंडाळत ऐकते,
आणि वाटतं, कापसातल्या बायांना
हे नाव ठाऊक असतं
तर रोज वाढवून मागितला असता.

आता आरजू शेख कबड्डीत आपटते,
उठते, गुडघा बघते,
आणि जरा हिरमुसते,
दाखवायला रक्तच नाही.

परवा तारेच्या कुंपणाखालून
एक फुटवा पलीकडं गेला.
पलीकडं पौळाचाच कापूस.
तो धुऱ्यावर उभा राहून ओरडला,
"गयाबाई, तुझं लेकरू आवर!"

म्हणून रविवारी जाते.
त्याच्या रानात, त्याच्या रोजानं,
तेच खुरपं.
सोमवारी इकडं परत.
पोतं मात्र सोबत ठेवते.