मधल्या मारुतीजवळ, मधलं मशीन

दुकानात पंखा होता, वारा नव्हता.
बसवंतीने काउंटरवर तीन चेनसॉ मांडले,
स्थळं दाखवावीत तसे,
आणि माझ्याकडे न बघता
माझ्या भाच्याला सांगू लागला:
बावीस इंची घ्या, अठ्ठावन्न सीसी,
एका दोरीत चालू,
लोण्यागत कापतंय की ओ.

भाचा फोनवर. मी म्हटलं,
डाय-हाऊस माझं आहे, बॉयलरही माझा,
रोज सातशे किलो वेडी बाभळ खातो.
मग तो थोडा माझ्याकडे वळला
आणि बराचसा चौदा इंचीकडे:
बायामाणसाला हे हलकं,
फांद्याबिंद्यांना छान.

राजेसाब उंबऱ्यापाशी उभा होता,
चपला बाहेर काढून.
एकवीस वर्षं कुऱ्हाड चालवून
त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा
बोटभर खाली आलाय.
"आत ये की," म्हटल्यावर आला,
खिशातून सुताचा तुकडा काढला,
राणीही नाही, जांभळाही नाही
अशा रंगाचा.
त्यावर दोन गाठी.
सकाळी आवारातल्या सगळ्यात जाड ओंडक्यावर
आडवं धरून मारलेल्या.

चौदाच्या पात्यावर धरलं: चार बोटं कमी.
बावीसच्या पात्यावर: मूठभर लोखंड जास्त.
"उरलेलं पातं दगड हुडकतंय, अक्का.
न्हाईतर पाय."
अठरावर सूत संपलं तेव्हा
पुढे अंगठ्याएवढीच जागा होती.

बसवंती हॉर्सपॉवरवर बोलत राहिला.
राजेसाबने मधलं मशीन उचललं,
हात लांब केले, डोळे मिटले.
ओठ हलत होते,
मला वाटलं दुवा मागतोय.
मोजत होता. साठपर्यंत.
चाळिसाला खांदा थरथरला,
तरी साठपर्यंत.
मग खाली ठेवून म्हणाला,
"चालू कसं हुतंय ते सोडा, मालक.
थांबतंय कसं?"

बसवंतीने पुढची कड ढकलली. खट्.
राजेसाबने ती स्वतः ढकलली, ओढली,
पुन्हा ढकलली,
दाराच्या नव्या कडीशी पोर खेळतं तशी.
मग पेट्रोलमध्ये ऑईल किती,
साखळीला वेगळं कुठलं,
गोल कानस कितव्या नंबरची.
आमच्या लाकडावर काळ्या मातीची पुटं,
दोन ओंडक्यांत दात बोथटतील,
हे त्याला कुणी सांगायला नको.

पैसे मोजताना तो रंग मला ओळखू आला.

भाद्रपदातला लॉट. टॉवेलचं सूत, दोनशे किलो.
मध्यरात्री फोडलेलं लाकूड संपलं,
बॉयलर निवला,
रंग सुतात शिरता शिरता अर्ध्यावर थांबला.
गिऱ्हाइकाने माल परत पाठवला.
मी सगळ्या कामगारांसमोर राजेसाबला बोलले.
काय बोलले ते इथे लिहीत नाही.
खांदा तेव्हाही बोटभर खालीच असेल,
मी शेडकार्ड बघत होते.

त्याला नुसती मोजायला दोरी हवी होती,
कचऱ्याच्या पोत्यात हात घातला,
जे आलं ते घेतलं, असंही असेल.
विचारलं नाही मी.
नोटा दोनदा चुकल्या.

रिक्षात खोकं आमच्या दोघांच्या मध्ये.
कन्ना चौक ओलांडताना तो म्हणाला,
"तोडायला हे. फोडायला कुऱ्हाडच लागणार,
ती इकू नका."
"आणि खांदा?"
"फोडताना वजन काम करतंय, अक्का.
आपण नुसतं सोडायचं."

दुसऱ्या दिवशी गॉगल लावून, बूट घालून
(बूट भाच्याचे, एक नंबर मोठे)
त्याने तिसऱ्या ओढीला मशीन चालू केलं.
शेजारचे यंत्रमाग, जे दिवाळीलाच बंद पडतात,
पहिल्यांदा ऐकू येईनासे झाले.
पिवळा भुसा त्याच्या पायजम्यावर,
माझ्या अबोलीच्या कुंडीवर.

ओंडक्याचा तुकडा सुटला.
त्याने आधी ब्रेक लावला, मग बटण दाबलं,
आणि माग परत वाजू लागले.
त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

मी पोराला दोन चहा सांगितले,
मग त्याला म्हटलं, ठेव,
मीच नेते.