दोन ते आठ

बर्फाचं मला शिकवू नकोस, मी म्हटलं
औषधांच्या काउंटरवरच्या पोराला.
तो थर्माकोलचा डबा चिकटपट्टीने गुंडाळत होता,
दोन ते आठ डिग्री, मावशी. गोठता कामा नये.
बोटीवरचा बर्फ आम्ही खांद्याने ओळखतो, पण गोठू नये एवढाच गार?
हे नवीन होतं.
परळ ते खारदांडा, डबा मांडीवर.
मासळी टेम्पोने येते, ही टॅक्सीने आली.

फ्रिजमधली पापलेटं वर सरकवली,
मधला कप्पा सुईचा. नवऱ्याला बजावलं,
इथं हात लावायचा नाही.
बोटीच्या हप्त्याहून भारी आहे ती.

जुईलीच्या नाकात द्राक्षांसारखे घोस, डॉक्टरीण म्हणाली.
पडद्यावर मला गाबोळी दिसली.
दोनदा खरवडून काढली, दोनदा परत धरली.
गोळ्यांनी तोंड सुजलं तेव्हा
वर्गातली पोरं तिला केंड म्हणायची.
रात्री तोंड उघडं टाकून झोपायची
आणि मी जागी,
तिच्या घशातली वल्ही मोजत.

हे औषध म्हणे
शरीराच्या आतली एक हाक मध्येच अडवतं.
बरं करत नाही, आवरून धरतं.
किती दिवस?
त्यावर ती कागद चाळत राहिली.
ट्रस्टचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, फोटो दोन.
सहा सुया मंजूर. सातवीचं नंतर बघू.

दर दुसऱ्या बुधवारी
सुई पाऊण तास ओट्यावर ठेवायची,
घरची हवा लागू द्यायची तिला.
तेवढा वेळ कुणी मिक्सरसुद्धा लावत नाही.
मग पोटाची चिमूट,
जुईली चालू पंख्याची पाती मोजायला लागते,
आणि झालं.

चौथीनंतर, सोमवारी असेल,
बाजार आटपून आले, टोपली उतरवली,
पोरीच्या केसांतून हात फिरवला.
ती मागे सरकली.
आई, काय आहे तुझ्या हाताला?
लिंबू चोळलेले हात, दोनदा धुतलेले.
काही नाही गं.
आहे. तिने माझा तळवा ओढून नाकाला लावला,
तोंड वाकडं केलं.
असा वास असतो तुझा? रोज?

सातवं लागलं तेव्हापासूनचं बंद नाक.
पाच वर्षं वलांडीवरच्या बोंबलांखालून
ही शाळेत गेली, जशी गच्चीवरून जावी.

मी साबण घ्यायला वळले.
थांब ना, ती म्हणाली. अजून एकदा.

फ्रिजमध्ये दोन उरल्यात.