सेकंदाचा काटा

नागपूरच्या शोरूममध्ये काचा लखलखीत पुसलेल्या,
माणसंही.
पांढरे हातमोजे घातलेल्या पोराने आईचं घड्याळ
मखमलीवर असं उताणं ठेवलं
जशी ती ठेवायची
नुकतं आलेलं बाळ, वजनकाट्याच्या झोळीत.

"ब्याऐंशीचं मॉडेल, मॅडम. क्वार्ट्झ. हे आता बनत नाही."
सेल कधीतरी आतच फुटला,
तांब्याच्या तारेवर हिरवं चढलंय, सर्किट गेलंय.
कंपनीत पाठवू, समुद्रापलीकडे.
आतलं सगळं बदलून येईल.
चौदा आठवडे,
अठ्ठेचाळीस हजार सहाशे, कर वेगळा.
स्कूटीसाठी माझे बावन्न साठले होते.
फॉर्मवर मी लिहिलं, मालकाचं नाव:
वत्सला किसनराव सरकटे, निवृत्त नर्स, सेमाडोह.
"खरेदीची पावती?"

पावती नव्हती. परदेशी डॉक्टरीणबाई
तीन वर्षांचं काम आटोपून निघाली तेव्हा
धारणीच्या स्टँडवर, बस हलल्यावर,
तिने खिडकीतून हात बाहेर काढला
आणि मनगटावरचं सोडून आईच्या ओंजळीत टाकलं.
ते महाग असतं
हे आईला चाळीस वर्षं कळलंच नाही.
डेटॉलच्या हातांनी वापरलं तिने.
त्यावर नाडी मोजली,
त्यावर बघून जन्मवेळा लिहिल्या,
पहाटे तीन सतरा, कंदील जवळ ओढून.
चार-पाच गावांतल्या निम्म्या पत्रिका त्याच्यावर मांडलेल्या.
कुणाकुणाला मंगळ निघाला, तो याच काट्याने.

घरी आकडा सांगितला. ती शेंगा फोडत होती.
"एका बायतपनामागं मले सव्वा रुपया भेटे, वरचा.
कर हिशेब."
मी मोबाईलवर केला. अडतीस हजार आठशे ऐंशी.
"एवढे पोट्टे?"
टरफलं सुपात टाकत ती हसली.
"अख्ख्या मेळघाटात नसन झाले, माय."

मग परतवाडा. इनायतभाई.
चाव्या, रिमोट, चष्म्याच्या दांड्या
कोपराने बाजूला सारून
त्याने घड्याळाला जागा केली, डोळ्यात भिंग खोवलं,
आणि बराच वेळ काहीच बोलला नाही.
"बाई, ह्याच्यात खड्याचा एक तुकडा हाये, तांदळाएवढा.
सेकंदाले बत्तीस हजार सातशे अडुसष्ट वेळा थरथरते.
थो अजून जिता असन. बाकीचं मेलं."
चायना मशीन बसवून देतो म्हणाला. साडेचारशे.
वर्षाची गॅरंटी. तबकडी जुनीच, नाव जुनंच,
बाहेरून कुणाला कळणार नाही.
फक्त हा बारका काटा
नव्या दांडीवर बसत नाही.
तास दिसतील, मिनिटं दिसतील.

आईने हात पुढे केला, घड्याळ परत मागितलं.
"सेकंद नाई तं मंग काय पाहू मी त्याच्यात?
जेवाची वेळ?"
इनायतभाईने भिंग काढलं. पाहण्याचे पैसे घेतले नाहीत.
झाकण घट्ट लावून दिलं,
आणि शर्टाच्या टोकाने एकदा पुसलंही.

परतीच्या एसटीत घड्याळ रुमालात, रुमाल पिशवीत,
पिशवीवर अर्धा किलो मेथी.
घाट लागला तसं तिने माझं मनगट धरलं,
तीन बोटं, अंगठ्याच्या मुळाशी.
नजर पुढच्या सीटच्या फाटक्या रेक्झिनवर,
ओठ हलताहेत.
मी दुसऱ्या हाताने, पदराआड, मोबाईल चालू केला.

अठ्ठावन्नाव्या सेकंदाला तिने हात सोडला.
"झालं मिनिट," ती म्हणाली. "शहाण्णव."
मी काही दुरुस्त केलं नाही.
वळणं संपेपर्यंत गप्प होती.
मग सागाच्या झाडांकडे बघत:
"एवढी कायले घाबरली वं?
पैशाले?"