वर इतलुसं

भंगाळे मॅडमचा तक्ता क्रमांक सात
तिसऱ्यांदा परत आला.
परीक्षकाने पेन्सिलीने एकच शब्द लिहिलेला: दशांश
पुढे प्रश्नचिन्ह नाही, पूर्णविरामही नाही.

फैजपूरच्या स्टँडमागे माझं दुकान.
प्रबंध टायपिंग, बाइंडिंग, हंगामात लग्नपत्रिका.
मला प्रतिगमन कळत नाही.
रांग कळते.
०.३ च्या खाली ०.२८४७,
त्याखाली वजा ०.०९, मग एकदम १२,
जणू एकाच पंगतीला
कुणी पाटावर, कुणी खाटेवर,
कुणी उभ्याउभ्याच जेवतोय.

"सगळ्यांना तीन घरं द्या," मॅडम म्हणाल्या.
देत गेलो. ०.२८५. वजा ०.०९०.
०.३ ला दोन शून्यं दिली, यंत्राने गिळली.
परत दिली. परत गिळली.
त्याच्या लेखी शेवटचं शून्य म्हणजे
उष्टं ताट, आधी उचलायचं.

मी मूळचा खिळे जुळवणारा.
सावद्याच्या वॅगनी भरायच्या आत
केळीच्या भावाचं पत्रक छापून लागायचं.
केसमध्ये शून्याचे खिळे मोजून बावीस.
भाव चढले की शून्यं संपायची,
आणि मी गुपचूप इंग्रजी ओ उचलायचो.
नारखेडेशेठ चष्म्यावरून बघत:
"शून्य नसेल तर थांब.
ओ ही हाक आहे रे, आकडा नव्हे."
आता शून्यं फुकट. कळ दाबून धरा, पानभर सांडतात.
म्हणून विचारलं,
"मॅडम, ही दोन शून्यं खरी की रांगेपुरती?"

त्यांनी पिशवीतून मूळ कागद काढला.
०.२९९८.
"खरी," म्हणाल्या. "ठेवा.
०.३ म्हणजे मी उंबऱ्यापर्यंत गेले.
०.३०० म्हणजे आत जाऊन पाहिलं,
दोन्ही खोल्यांत,
कुणी नव्हतं."

मग सगळ्यात खालची ओळ आली.
घडाचं सरासरी वजन, किलो: १८.३७२.
मी तीही टिंबाखाली टिंब बसवली,
ओळंबा सोडल्यासारखी सरळ.
मॅडम मात्र बघत राहिल्या.

यावलकडचा मळा, मे महिना,
बांधावरच्या निंबाला टांगलेला काटा,
त्यावर अर्ध्या अर्ध्या किलोच्या खुणा, निम्म्या गंजलेल्या.
सुपडू घड अडकवायचा,
काटा थरथरायचा थांबेपर्यंत
श्वास धरून वर बघायचा,
मग ओरडायचा:
"अठरा शेतस, ताई. वर इतलुसं!"
आणि अंगठ्याचं नख दाखवायचा.
वहीत त्या कधी अठरा लिहायच्या,
कधी साडेअठरा,
ऊन किती आहे त्यावर.

"तीनशे साठ घड," त्या म्हणाल्या,
"आणि मी नखाला तीन घरं दिली."

बराच वेळ पंखाच बोलत होता.
"एकच ठेवा. १८.४."
"परीक्षक पुन्हा म्हणतील, दशांश."
"म्हणू देत.
गुणांक माझ्या गणिताचे, त्यांना तीन.
वजन काट्याचं. काट्याला असेल तेवढंच."

मी टिंब टिंबाखाली ठेवलं,
उजवीकडची दोन घरं मोकळी सोडली.
पहिल्यांदाच मोकळी जागा
चुकल्यासारखी दिसली नाही.

खाली टीप टाकली, बारीक अक्षरात:
वजनकाटा अर्ध्या किलोच्या खुणांचा.
मॅडमनी पेनने पुढे जोडलं:
वाचन, सुपडू कोळी.
मी तेही टाइप केलं.
नख टाइप करता आलं नाही.

निघताना त्यांनी पैसे विचारले.
"एकशे ऐंशी. बिलावर पॉइंट शून्य शून्य लावू?"
त्यांनी पर्स उघडली, नोटा मोजल्या,
सुटे मोजले.
"लावा," म्हणाल्या.
"इथे खरे आहेत."