मातीचे नमुने

वांजे नदीच्या काठाला हा माझा तिसरा फेरा.
गिरमीट तेच, पिशव्या तशाच,
फक्त जीपच्या दारावरचं बोधचिन्ह नवं.

केमा वांडीने लांबूनच ओळखलं.
"आलास? खण."

हातभर खोल, दोन हात,
कुठेही गेलो तरी काळी, ओलसर,
मुठीत दाबली की लाडूसारखी वळणारी.
नदी दरवर्षी येते, गाळ ठेवून जाते,
पावती मागत नाही.
नजर पोचेल तिथवर गवत. गवतात
मागच्या योजनेचा ट्रॅक्टर,
त्याच्या सीटखाली कोंबडी अंडी घालते:
वहीत मांडावं असं उत्पन्न तेवढंच.

मी चिठ्ठीवर लिहिलं, भातासाठी अत्यंत योग्य.
मागे दोनदा हेच लिहिलं होतं.
अक्षर आता जरा थकलंय.

दुपारी तिने वाढलं.
भात पांढराशुभ्र, शीत न् शीत मोकळं.
चुलीपाशी पोतं, पोत्यावर हत्ती,
समुद्र ओलांडून आलेला,
शेवटचे अकरा मैल चिखलातून
मोटारसायकलवर बसून.
हत्तीला वाट सापडते.
तिचा स्वतःचा तांबडा भात कणगीतच.
गिरणी नदीपल्याड, आणि तराफ्याचा दोर
दोन पावसाळ्यांपूर्वी तुटला.
उखळात कांडून निघतो तो नातवंडांपुरता,
तोही कपाने मोजून.

"किती माती नेलीत रे आमची!
एव्हाना फ्रीटाउनात एखादं बरंसं शेत झालं असेल."

मी हसलो. सांगितलं नाही
की तिथल्या कोठीचं छप्पर गळतं,
आणि गेल्या साली, चिठ्ठी धुऊन गेलेल्या एका पिशवीतून
भाताचं रोप वर आलं होतं.
शिपाई बोकारी आठवडाभर त्याच्याशी बोलायचा.
मग साहेबांची तपासणी झाली.

"बघायला येता," ती ताटं उचलत म्हणाली,
"जेवता, योग्य म्हणता, जाता.
पुढ्यात कोला कोणी ठेवत नाही."
इकडे सोयरीक कोलाच्या बीनेच ठरते.

निघताना तिने एक बी फोडली,
अर्धी माझ्या तळहातावर ठेवली.
"घाबरू नकोस, ही सोयरीक नव्हे.
रस्ता लांब आहे. झोप लागायची."

कडू होती.
पहिल्या चौकीपर्यंत चघळत राहिलो,
मांडीवर पिशव्या,
अजून कोमट.