काहीच न करणारं बटण

पहिल्या दिवशी मी दिवा घेऊन गेले.
वर्गात गोंगाट वाढला की हिरव्याचा पिवळा,
पिवळ्याचा लाल.
तार्तूतला नोव्हेंबर, चारच्या आत अंधार,
रेडिएटरवर ओळीनं वाळणारे ओले हातमोजे.

उकू म्हणाला, "हा ओरडतोय."
मी म्हटलं, अरे, आवाज कुठाय त्याला?
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं,
जसं आपण पाहतो दोनदा सांगूनही
न कळणाऱ्या मोठ्या माणसाकडे.

लेलो काही बोलली नाही, सकाळी ती बोलत नाहीच.
आपली लोकरी टोपी काढली
आणि दिव्याच्या डोक्यावर घातली, पार कानापर्यंत.
माझी आठ महिन्यांची मेहनत
टोपीखाली लाल होत बसली.

"प्रश्न कमी विचार," ऊल्ले बाई म्हणाल्या,
"चिकटपट्टी जास्त आण."

मग पुठ्ठे, कात्र्या,
आजोबांच्या जुन्या रेडिओची बटणं.
कारेलला वेळापत्रक हवं होतं, पण आमच्यासारखं नको.
गणित संपलंय,
चित्रकला अजून सुरू झालेली नाही,
तेवढ्या वेळाचं नाव काय?
मला सांगता येईना.
त्यानं तिथे करडा चौकोन चिकटवला,
इतर सगळ्या चौकोनांपेक्षा मोठा.

लेलोनं एक बटण काढलं कागदावर.
बाजूला लिहिलं: हे काहीच करत नाही.
दाबल्यावर काय होतं मग?
बराच वेळ पेन्सिल घोळवून तिनं लिहिलं,
"मी दाबते."

तालिनहून फोन आला कार्यालयाचा:
तक्त्यात सातव्या बटणापुढे 'कार्य' हा रकाना
चुकून कोरा राहिलाय.
चुकून नाही, मी म्हटलं.
पलीकडे कोणीतरी खोकलं.
कोऱ्या रकान्याला पैसे मिळत नाहीत, असं काहीसं म्हणालं.
मी रात्री बसून तिथे लिहिलं, "प्रतीक्षा-व्यवस्थापन."
त्याची अजून लाज वाटते.

मार्चमध्ये पेटी तयार झाली.
उकूनं सातवं बटण चाळीसदा दाबलं
आणि रीतसर तक्रार नोंदवली:
हे टक् वाजतं.
म्हणजे हे काहीतरी करतं.
म्हणजे हे चूक आहे.

बरोबरच होतं त्याचं.
मी पेटी उलटी केली, दोन स्क्रू सैल केले,
तिसऱ्याला हात घालणार
तेवढ्यात लेलोनं स्क्रूड्रायव्हर काढून घेतला माझ्याकडून,
कोटाच्या खिशात टाकला,
आणि एकदा दाबलं.

टक्.

उकूनं कानांवर हात ठेवले. मग एक काढला.
स्क्रूड्रायव्हर अजून तिच्याकडेच आहे.